वाड्यातली रेसची गाडी: नंबर जुळत नाहीत म्हणजे ती खोटी का?

ताई, दारव्ह्याहून तुम्ही पाठवलेले फोटो आणि प्रश्न दोन्ही नीट पाहिले. इतर वाचणाऱ्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. आजोबांनी १९५७ च्या सुमारास मद्रासकडून आणलेली दोन आसनांची उघडी एमजी, म्हणजे विलायती स्पोर्ट्स मोटार, तुमच्या सरकीच्या गोदामात उभी आहे. घरात तिला पहिल्यापासून ‘रेसची गाडी’ म्हणतात आणि ती मद्रासजवळ शोलावरमच्या रेसमध्ये धावली होती असं तुम्ही ऐकत आलात. टूलबॉक्सवरच्या पट्टीवर एक चासी नंबर (चासी म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा) आहे, चासीच्या लोखंडावर ठोकलेल्या नंबरचे शेवटचे दोन आकडे वेगळे आहेत, आणि इंजिन आरसी बुकाशी जुळत नाही. मडगार्ड नाहीत, शेपटीचा भाग ॲल्युमिनियमचा आहे. मुंबईचा खरेदीदार म्हणतो, गाडी ‘बनवलेली’ आहे, म्हणून अर्ध्या भावात द्या, नंबर मी जुळवून घेईन. तुम्ही विचारता, खरी की खोटी?

फोटोंवरून माझं मत असं: ही गाडी खोटी म्हणावी असं मला काही दिसत नाही, आणि ती शोलावरमला धावली म्हणावं असंही काही दिसत नाही. ही गाडी नेमकी कोणती, हा एक प्रश्न. ती कुठे धावली, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर लोखंडात असतं, दुसऱ्याचं कागदात आणि माणसांत. खरेदी करताना लोक पहिल्यातली खोट दाखवून भाव पाडतात, आणि तीच गाडी विकताना दुसऱ्याची कहाणी सांगून खोट झाकतात. माझं गॅरेज परतवाड्याला. पोट भरतं ट्रक आणि ट्रॅक्टरवर, पण जुन्या गाड्या तपासायला वऱ्हाडभर फिरतो, आणि हा खेळ मी सगळीकडे सारखाच पाहत आलोय.

आधी लोखंड. पुढचा एक्सल सरळ, एकसंध आहे आणि त्याला पाट्यांची स्प्रिंग आहे. चाकं तारांची, १९ इंची. म्हणजे चासी टीसी मॉडेलची दिसते. एमजीने टीसी १९४५ ते १९४९ या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनवली, सुमारे १०,००० गाड्या, सगळ्या उजव्या स्टिअरिंगच्या. तिच्यानंतर आलेल्या टीडीला पुढची दोन्ही चाकं स्वतंत्र स्प्रिंगवर होती आणि चाकं १५ इंची, पत्र्याची. या दोन गाड्यांचे भाग एकमेकींत घालून विकलेले नग मी पाहिलेत, तुमच्यात तरी पुढची बाजू टीडीची नाही. टीसीचे चासी नंबर ०२५१ पासून सुरू होतात. का, तर कारखान्याच्या टेलिफोनचा नंबर २५१ होता. तेव्हा कोणी तुम्हाला ‘टीसी नंबर १’ दाखवली तर चहा पाजून वाटेला लावा.

आता दोन नंबरांचं. पट्टी ही चार छोट्या खिळ्यांवर बसलेली वस्तू आहे, ती पाच मिनिटांत निघते. चासीच्या डाव्या पुढच्या शिंगावर, म्हणजे पुढे निघालेल्या टोकावर, ठोकलेला नंबर लोखंडाचा भाग आहे. दोघांत भांडण असेल तर मी शिंगाचं ऐकतो, पण लगेच नाही. आधी तो नंबर खरंच वाचला गेलाय का ते पाहतो. सत्तर वर्षांचा रंग आणि गंज बसला की ३ चा ८ होतो, १ चा ७ होतो. तुमच्या फोटोत शेवटून दुसरा आकडा मला स्पष्ट दिसत नाही. रॉकेलमध्ये भिजवलेला बोळा रात्रभर तिथे बांधून ठेवा, सकाळी मऊ पितळी ब्रशने हलकं पुसा आणि बॅटरीचा उजेड आडवा टाकून फोटो काढा. सँड पेपर, ग्राइंडर यातलं काहीही लावू नका.

वाचूनही नंबर वेगळाच निघाला, तर शेवटचे दोनच आकडे वेगळे असणं हीसुद्धा एक खूण आहे. म्हणजे या दोन नंबरांच्या दोन्ही गाड्या कारखान्यातून जवळजवळ एकाच सुमारास निघालेल्या. त्या एकाच विक्रेत्याकडे किंवा एकाच रेसवाल्याच्या गॅरेजमध्ये असण्याची शक्यता मला बरीच वाटते. दोन गाड्या असतील, एक आपटली, तिची पट्टी किंवा तिचे कागद दुसरीवर चढले. यात फसवणूक असेलच असं नाही.

युरोपात मोठमोठ्या संघांनी हेच केलं. एका देशातून दुसऱ्या देशात रेसला जाताना जकात भरावी लागू नये म्हणून गाडीचा नंबर लिहिलेला परवाना लागायचा, त्याला ते कार्ने म्हणत. ज्या गाडीचा कार्ने तयार आहे ती तुटलेली असली, तर धडधाकट गाडीवर तिची पट्टी ठोकायची आणि नाका ओलांडायचा. पुढच्या महिन्यात पट्टी परत केली तर केली. १९५० च्या दशकातल्या मासेराती २५०एफ या इटालियन रेसगाडीचे संशोधक याच कारणाने डोकं धरून बसतात. खुद्द कारखान्यानेच जुने नंबर नव्या गाड्यांना दिले. पुढे इंग्लंडमध्ये कॅमेरॉन मिलर यांनी उरलेल्या सुट्या भागांतून आणखी २५०एफ बांधल्या, पण त्यांना सीएम असे वेगळे नंबर दिले. त्यामुळे त्या गाड्या काय आहेत याबद्दल वाद होत नाही, आणि ज्यांच्या अंगावर कारखान्याचा नंबर आहे त्यांच्याबद्दल मात्र होतो!

शिंगावरचा नंबर मूळ ठोकलेला की नंतरचा, हे डोळ्यांनी बरंचसं कळतं. कारखान्यातला माणूस घाईत ठोकायचा, त्यामुळे आकडे थोडे वरखाली, एखादा खोल, एखादा उथळ. नंतर ठोकणारा जपून ठोकतो आणि तिथेच सापडतो. नंबराभोवतीचा पत्रा बाजूच्या पत्र्यापेक्षा दबलेला किंवा जास्त गुळगुळीत असेल तर ग्राइंडर फिरलाय. बोट फिरवून पाहा, डोळ्याआधी बोटाला कळतं. नंबर घासून टाकला तरी ठोकताना खालच्या लोखंडाचे कण दाबले गेलेले असतात आणि तो दाब घासल्यावरही राहतो. प्रयोगशाळेत आम्ल लावून तो परत उठवता येतो. पोलीस चोरीच्या गाड्यांत हेच करून घेतात, नागपूरच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत अशी कामं होतात. घरी बॅटरीचं आम्ल लावून पाहायचं मनात आणू नका. तुमच्या शिंगावर मला ग्राइंडरची खूण दिसली नाही, पण फोटो तो फोटो.

इंजिन हा माझ्या आवडीचा भाग. टीसीचं इंजिन एक्सपीएजी, १२५० सीसी. त्याचा नंबर एका अष्टकोनी पितळी पट्टीवर असतो, ती तुमच्यात नाही, फक्त रिव्हेटची भोकं आहेत. पट्टी नाही म्हणून निराश होऊ नका, पाना हातात घ्या. या इंजिनाच्या बोल्टांचे आटे मेट्रिक आहेत आणि डोकी विटवर्थ या जुन्या इंग्रजी मापाची. असं विचित्र मिश्रण का, तर एमजीच्या घरच्या मॉरिस कंपनीने इंजिनाचा हा कारखाना हॉचकिस या फ्रेंच कंपनीकडून घेतला होता. यंत्रं मेट्रिक आट्यांची होती, आणि इंग्लंडच्या मिस्त्रींकडे पाने विटवर्थचे. त्यात पुन्हा ८ मि.मी.च्या बोल्टाचा आटा १ मि.मी.चा आहे. आपल्या बाजारात मिळणारा ८ चा बोल्ट सव्वा मि.मी. आट्याचा असतो, तो दोन फेरे जातो आणि अडतो. आपल्याकडच्या एखाद्या उस्तादाने तो जोर लावून आत घातला असेल तर ब्लॉकचे आटे गेलेले असतात. तुमच्या फोटोत टॅपेट कव्हरच्या बाजूचे तीन बोल्ट जुने दिसतात, बाकीचे बाजारातले.

आता खरी गंमत. याच कुळातलं लहान इंजिन, एक्सपीजेएम, ११४० सीसी, मॉरिस टेनला होतं, आणि मॉरिस टेन म्हणजेच आपली हिंदुस्थान टेन. त्यामुळे एमजीचा ब्लॉक फुटला की भारतात मिस्त्रीला हिंदुस्थान टेनचा ब्लॉक हाताशी असायचा. बाहेरून पाहून पटकन कळत नाही. हेड उतरवल्यावर बोअर, म्हणजे सिलिंडरच्या भोकाची रुंदी, मोजा: एमजीचा ६६.५ मि.मी., टेनचा ६३.५. झीज आणि रीबोअर धरूनही दोघांत गल्लत होत नाही. इंजिन आरसीशी न जुळण्याचं सर्वांत साधं कारण मला हेच वाटतं. वोल्सली ४/४४ या विलायती गाडीलाही याच घराण्याचं इंजिन होतं, तेही शक्य आहे. इंजिन जाम असेल तर किल्ली मारून पाहू नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ तेल सोडा आणि आठवडाभर विसरून जा.

ॲल्युमिनियमची शेपटी आणि लाकडाबद्दल. टीसीची बॉडी ॲश नावाच्या विलायती लाकडाच्या सांगाड्यावर लोखंडी पत्रा चढवून केलेली असे. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात ते लाकूड सुकतं, सांधे सैल होतात, दारं वाजायला लागतात. तुमच्या फोटोत दाराच्या खांबाचं लाकूड तपकिरी, तेलकट, सरळ रेषांचं दिसतं. ते सागवान आहे. विलायतेत कोणी टीसीला सागवान घालणार नाही, म्हणजे सांगाडा भारतात पुन्हा झाला, आणि मेळघाटाच्या किंवा आलापल्लीच्या सागाच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्या सुताराने तो केला असेल तर नवल नाही. विलायती खरेदीदार याला दोष म्हणेल. मला तो इतिहास वाटतो आणि मी तो कधी काढून टाकू देत नाही. फक्त कुठलं लाकूड विलायती, कुठलं इथलं, हे लिहून ठेवायचं.

शेपटी कधी केली ते आतल्या बाजूने पाहा. हातोडीचे ठोके, गॅस वेल्डिंगची जाड शिवण, सरळ खाचेचे स्क्रू दिसले तर काम जुनं. आर्गन वेल्डिंगची बारीक एकसारखी शिवण दिसली तर काम खूप नंतरचं, कारण आपल्याकडच्या गॅरेजांत आर्गन फार उशिरा आलं. लुकास कंपनीच्या डायनॅमो आणि स्टार्टरच्या अंगावर बहुधा महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं, ते लिहून घ्या. काचेवर ट्रिप्लेक्स या काच कंपनीचा शिक्का असेल तर त्याच्या आसपासच्या ठिपक्यांचा जवळून फोटो काढा, त्यावरून काचेचं वर्ष लागतं. प्रत्येक भाग आपली तारीख स्वतः सांगतो. सगळ्या तारखा १९४८-४९ च्या आसपास आल्या तर उत्तम. डायनॅमो १९४९ चा, काच १९५४ ची, शेपटी त्यानंतरची, असं आलं तरी उत्तम. तेच तर आयुष्य आहे गाडीचं.

इथे तुम्ही विचाराल की इतकं बदललं, मग ती तीच गाडी कशी? याचा निवाडा लंडनच्या हायकोर्टात १९९० मध्ये झाला. गाडी होती बेंटलीची ‘ओल्ड नंबर वन’. तिने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं फ्रान्समधल्या ल मानची २४ तासांची रेस जिंकली, दोन्ही वेळा चालवणाऱ्यांत वुल्फ बार्नाटो होते. नंतर तिच्यात आठ लिटरचं इंजिन घातलं. १९३२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर ती कठड्यावरून बाहेर गेली आणि चालवणारे क्लाइव्ह डन्फी मारले गेले. मग पुन्हा बांधणी, पुन्हा बदल. पुढच्या मालकाने ती एक कोटी पौंडांना विकण्याचा करार केला आणि घेणाऱ्याने हात वर केले, ही मूळ गाडीच नाही म्हणून. न्यायाधीश ऑटन यांच्यासमोर भाग मोजले गेले तेव्हा १९२९ च्या गाडीचं जवळजवळ काहीच उरलेलं नव्हतं. तरी निकाल विकणाऱ्याच्या बाजूने लागला. कारण गाडी कधी नाहीशी होऊन दुसरीकडे प्रगटली नव्हती. ती एकच गाडी म्हणून वापरात राहिली, बदलली, दुरुस्त झाली, आणि तिच्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी नव्हती. ती ‘ओरिजिनल’ आहे असं न्यायाधीशांनी म्हटलं नाही. ती खरी ‘ओल्ड नंबर वन’ आहे असं म्हटलं. हा फरक खरेदीदाराला ऐकवा.

शेत घेताना आपण नुसता गट नंबर पाहून पैसे मोजत नाही, फेरफार काढतो. कोणाकडून कोणाकडे, कधी, कशाने. गाडीचंही तेच आहे. साखळी अखंड असेल तर बदललेले भाग गाडीला मारत नाहीत. साखळी तुटली की नवाकोरा जुळणारा नंबरही वाचवत नाही.

साखळी तुटली की काय होतं त्याचं उदाहरण म्हणजे फेरारी ३७५ प्लस, चासी ०३८४एएम. ती अमेरिकेत ओहायोतल्या एका माणसाच्या अंगणात वर्षानुवर्षं उघडी पडून होती. १९८० च्या दशकात तिचा सांगाडा चोरीला गेला, बेल्जियमला पोचला, तिथे त्यावर नवी बॉडी चढली. जुने पत्रे मात्र ओहायोतच राहिले. एकाकडे चासी, दुसऱ्याकडे पत्रे आणि मालकी हक्काचा दावा. कितीतरी वर्षांच्या कोर्टकज्ज्यांनंतर २०१४ मध्ये इंग्लंडमधल्या लिलावात सगळं एकत्र विकलं गेलं, एक कोटी पौंडांहून जास्त किमतीला, आणि भांडण त्यानंतरही चाललंच. जॅग्वार डी-टाइप या रेसगाडीमध्ये तर पुढची चौकट आणि मधला डबा बोल्टने जोडलेले असत. ते वेगळे करून एका गाडीच्या दोन झाल्याची प्रकरणं आहेत. बुगाटी टाइप ३५ ही जुनी रेसगाडी आज अर्जेंटिनात नवी बनते, पुर सांग नावाचा कारखाना बनवतो, आणि शेजारी उभी केली तर भल्याभल्यांना फरक सांगता येत नाही. ते लपवत नाहीत, ही त्यांची भलाई. तिसऱ्या मालकाने लपवलं तर?

आपल्याकडे कारणं जास्त साधी होती. विलायती गाड्यांच्या आयातीवर स्वातंत्र्यानंतर कडक बंधनं आली, सुटे भाग मिळेनात. मग शोलावरमच्या जुन्या युद्धकाळातल्या धावपट्टीवर, कलकत्त्याजवळ बराकपूरला, मुंबईत जुहूला जे होतं ते जोडून लोक धावले. फियाट ११०० च्या, हेराल्डच्या सांगाड्यांवर घरगुती रेसगाड्या झाल्या. पुढे कोइंबतूरला करिवर्धन यांनी मारुतीच्या ८०० सीसी इंजिनावर फॉर्म्युला मारुती ही एकआसनी रेसगाडी बांधली, तिची मुळं याच सवयीत आहेत. आणि आपल्या वऱ्हाडात मोठ्या अमेरिकन गाड्यांत डिझेल इंजिनं घालून त्या टॅक्सीला लावल्या, कारण पेट्रोल परवडत नव्हतं. यातलं कोणीही संग्राहकाला फसवायला बसलं नव्हतं. संग्राहकच नव्हते.

फसवणूक आली ती कागदांच्या वाटेने, नंतर. भंगारात गेलेल्या गाडीचं आरसी बुक जपून ठेवतात, आणि कुठेतरी कागद नसलेली गाडी सापडली की दोघांचं लग्न लावतात. म्हणून तुमचं आरसी बुक गाडीइतकंच महत्त्वाचं आहे. त्यात मी काय पाहीन ते सांगतो. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ जुन्या मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. आजोबांनी गाडी १९५७ मध्ये आणली असेल तर इथली पहिली नोंद मुंबई राज्याची असायला हवी. बुकाच्या मुखपृष्ठावर महाराष्ट्र शासन छापलेलं असेल आणि आत पहिली नोंद १९५७ ची असेल, तर ते बुक दुय्यम प्रत आहे, नंतर लिहून काढलेलं. दुय्यम म्हणजे खोटं नव्हे, पण नकलताना चुका होतात. इंजिनाचा नंबर चासीच्या रकान्यात गेलेला मी स्वतः पाहिलाय. उत्पादनाच्या वर्षाच्या जागी नोंदणीचं वर्ष लिहिणं तर सर्रास चालायचं. मद्रासचा जुना नोंदणी क्रमांक ‘पूर्वीचा क्रमांक’ म्हणून कुठे लिहिलाय का ते पाहा. तो सापडला तर पुढचा अर्धा शोध तिथूनच सुरू होतो.

बुकाबाहेरही कागद असतात. तुमचं घराणं कापसाचं, म्हणजे कीर्द-खतावणी असणार. १९५६ ते १९६० च्या वह्यांत ‘मोटार खाते’ शोधा: टायर, बॅटरी, ड्रायव्हरचा पगार, विम्याचा हप्ता. गाडी रस्त्याने आली की रेल्वेने? रेल्वेने आली असेल तर मूर्तिजापूरला उतरली असेल, तिथून शकुंतलेच्या अरुंद रुळांवर दारव्ह्याला की सडकेने, हे बिल्टीवर किंवा खतावणीत सापडेल, आणि पाठवणाऱ्याचं नावही. पाठवणारा म्हणजे आधीचा मालक किंवा त्याचा दलाल. मला तर गाडीच्या कुठल्याही नंबरापेक्षा त्या एका ओळीची जास्त हाव आहे.

आणि लग्नांचे अल्बम. वऱ्हाडात मोटार असलेल्या घरात वरात मोटारीतून निघते आणि फोटोवाला गाडीचाच फोटो आधी काढतो. मडगार्ड त्या फोटोत आहेत का, शेपटी कुठली आहे, नंबरप्लेट काय म्हणते, बॉनेटवर पोचा कुठे आहे. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का असतो. १९६२ च्या फोटोत मडगार्ड असतील तर ती गाडी मडगार्ड काढून आजोबांच्या आधी धावली, ही कहाणी जरा विचित्र होते. गावात उघडी, बिनमडगार्डाची, मोठ्या आवाजाची गाडी दिसली की तिला रेसची गाडी म्हणतात. त्यासाठी रेस लागत नाही.

शोलावरमबद्दल मी सर्वांत कठोर आहे, कारण भाव तिथेच वाढतो. १९५३ मध्ये मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब स्थापन झाला आणि शोलावरमच्या रेसचा तो कणा राहिला. त्या काळातले छापील कार्यक्रम, निकालांच्या बातम्या, जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रांच्या फायली यांत चालकाचं नाव, गाडी, इंजिनाची क्षमता सापडू शकते. पण ‘एमजी, १२५० सीसी’ एवढ्याने ती तुमचीच एमजी ठरत नाही, टीसी तिथे एकट्या तुमच्याकडे नव्हती. चालकाचं नाव बिल्टीवरच्या नावाशी जुळलं तर मी उठून बसेन. गाडीवरही खुणा असू शकतात. रंगाचे थर पाहा. दाराच्या किंवा शेपटीच्या रंगाखाली पांढरा गोल निघाला तर तिथे कधीतरी स्पर्धेचा क्रमांक होता. बोल्टांच्या डोक्यांना तार ओवण्याची बारीक भोकं, वजन कमी करायला कंसांना पाडलेली भोकं, बॉनेटवर पट्ट्याचे कडे, या रेसच्या सवयी आहेत. त्याच रंगाखाली तुम्हाला हळद-कुंकवाचे स्वस्तिकही सापडतील, दसऱ्याचे. तेही पुसू नका, एखाद्या जुन्या फोटोतल्या पूजेशी जुळले तर थराचा काळ लागतो.

माणसांना विचाराल तेव्हा एक पथ्य पाळा. फोटो आधी दाखवू नका, आणि ‘ही शोलावरमला धावली ना?’ असं विचारू नका. म्हातारा माणूस आपल्याला बरं वाटावं म्हणून हो म्हणतो. एका जुन्या मिस्त्रीला मी नुसतं विचारलं, काकाजी, त्या गाडीचं काय आठवतं? तो म्हणाला, “आठोते ना बाप्पा, तिचं इंजिन माह्यासमोर उतरोलं, दुसरं घातलं, मंग ते भाऊसायबाच्या इहिरीवर गेलं.” विहिरीवर जाऊन पाहिलं तर खरंच तिथे त्या गाडीचं मूळ इंजिन होतं, पंपाला जोडलेलं. तुमच्या आजोबांच्या ड्रायव्हरच्या घरचं कोणी असेल तर आधी तिकडे जा, मग वर्तमानपत्रं.

ब्रिटनमधल्या एमजी कार क्लबात टी-मालिकेच्या गाड्यांचं वेगळं रजिस्टर आहे. शिंगावरचा आणि पट्टीवरचा असे दोन्ही नंबर लिहून विचारा. दुसरा नंबर घेऊन जगात कुठे तरी गाडी उभी असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं. खरेदीदार कदाचित आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे एफआयएच्या, ऐतिहासिक तांत्रिक पासपोर्टबद्दल बोलेल. तो कागद गाडीची बांधणी त्या काळाच्या नियमांत बसते का एवढंच सांगतो. ती अमुक रेस धावलेली अमुक गाडी आहे, याची हमी तो देत नाही. गाडी विकताना मात्र तो कागद काचेच्या चौकटीत लावलेला असतो.

आता त्याच्या ‘नंबर जुळवून घेतो’ या बोलण्याचं. हे होऊ देऊ नका. आज तुमच्याकडे दोन वेगळे नंबर असलेली, समजावून सांगता येण्यासारखी गाडी आहे. शिंगावरचा नंबर घासून पट्टीचा ठोकला की तिच्यातली एकमेव पक्की साक्ष गेली, शिवाय आरटीओच्या परवानगीशिवाय चासी नंबराला हात लावणं गुन्ह्याचं प्रकरण आहे आणि कागदावर मालक तुम्ही आहात.

नोंदणीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचारायला हवं होतं. जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी मालिका, नव्या नोंदणीचे २०,००० रुपये, नोंदणी दहा वर्षांची, पुढे पुनर्नोंदणीला ५,०००. जुनी नोंदणी असलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो, म्हणून तुमचं बुक सांभाळा. गाडी प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणे अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. मेख अशी की व्याख्येत गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरबदल नको. रेसच्या गाडीचा तर जन्मच फेरबदलात. त्यामुळे ॲल्युमिनियमची शेपटी गाडी तपासणाऱ्या समितीला कशी समजावायची हा प्रश्न येईल. मूळ मडगार्ड आणि मागचा पत्रा गोदामाच्या माळ्यावर कुठे पडलेले असतील तर ते भंगारात जाऊ देऊ नका, नव्वद टक्के घरांत ते असतात. फिवा या जुन्या गाड्यांच्या जागतिक महासंघाच्या पद्धतीत, वापराच्या काळातच बदललेल्या गाडीला वेगळा वर्ग आहे. मला आपल्या नियमांतही तसा असावा असं वाटतं, पण आज नाही.

पुढचं काम असं. सरकीची पोती बाजूला करा, पण गाडी धुऊ नका आणि सँडब्लास्टिंगवाल्याला जवळ फिरकू देऊ नका. नंबर, रंगाचे थर, ठोक्यांच्या खुणा, सगळं तो एका दुपारी साफ करतो. सुटं झालेलं प्रत्येक सामान पिशवीत, पिशवीवर कुठून निघालं ते. शिंगाचा आडव्या उजेडातला फोटो, हेडच्या कडेचा, ब्लॉकच्या दोन्ही बाजूंचा, डायनॅमोच्या शिक्क्याचा आणि आरसी बुकाच्या सगळ्या पानांचे फोटो मला पाठवा, कोरी पानंसुद्धा. दिवाळीनंतर यवतमाळकडे एक फेरी आहे, तेव्हा येतो आणि बोअर आपण दोघं मिळून मोजू. तोवर खरेदीदार आला तर त्याला गाडी खुशाल दाखवा, चहा द्या. आरसी बुकाची झेरॉक्स देऊ नका, आणि पट्टीचा जवळून फोटो काढू देऊ नका. त्या दोन गोष्टींवर दुसरी गाडी उभी राहते.